काट्याचा नायटा : एका म्हणीचा इतिहास

म्हणी आणि वाक्प्रचार यांचा आपल्याकडील अभ्यास बहुधा अर्थापाशी येऊन थांबतो. 'काट्याचा नायटा होणे' म्हणजे क्षुल्लक गोष्टीचे मोठ्या संकटात रूपांतर होणे, एवढे सांगितले की पाठ्यपुस्तकाचे काम संपते. 'वाक्यात उपयोग करा' या प्रश्नाला विद्यार्थी भावाभावांतील बांधाचा वाद किंवा कचेरीतील कुरबूर अशी उदाहरणे देतात. त्या वाक्यांत काटाही नसतो आणि नायटाही नसतो. म्हण रूढ झाल्याची ती खूण आहे, असे भाषाशास्त्र म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. परंतु ज्यांच्या तोंडी ही म्हण प्रथम आली, त्यांच्या लेखी ती रूपक असण्याआधी एक निरीक्षण होती. अनवाणी पायाने शेत तुडवणाऱ्या आणि उघड्या हातांनी काट्याकुट्या ओढणाऱ्या माणसांनी ते निरीक्षण केले होते. प्रस्तुत लेखात या निरीक्षणाचा मागोवा घ्यायचा आहे. काटा लागल्यावर माणसाच्या शरीराचे काय होते, त्यावर कोणी कोणते उपाय योजले, आणि या साऱ्याचा इतिहास लिहिताना कोणाची नोंद झाली व कोणाची राहिली, असे तीन प्रश्न येथे आहेत.

आधी कुंपणाविषयी. महाराष्ट्रातील कोरडवाहू प्रदेशात शेताचे कुंपण म्हणजे बहुधा बाभळीच्या किंवा बोरीच्या वाळलेल्या फांद्यांची रांग. कोकणात दगडी गडगा किंवा जिवंत झाडांची वई. अन्यत्र निवडुंग, शेर, घायपात, चिलार, सागरगोटा. तारेचे कुंपण परवडू लागण्यापूर्वी, आणि पुष्कळ ठिकाणी त्यानंतरही, पिकाचे रक्षण काट्यानेच केले. वाळलेल्या काट्याचे कुंपण टिकाऊ नसते. वाळवी लागते, पावसाने कुजते, उरलेसुरले चुलीत जाते. त्यामुळे ते काम एकदा करून संपत नाही; प्रत्येक हंगामात नव्याने करावे लागते. फांद्या कुऱ्हाडीने तोडायच्या, पुढे दुबेळके असलेल्या काठीने ढकलत वा ओढत आणायच्या, एकीत दुसरी अडकवत बांधावर रचायच्या आणि वर दगड ठेवून दाबायच्या. या प्रत्येक टप्प्यावर बोटे, तळहात, मनगट, पोटऱ्या आणि तळपाय काट्याच्या वाटेत येतात. काम संपल्यावरही धोका संपत नाही, कारण गळून पडलेला काटा मातीत वर्षभर टोक वर करून पडलेला असतो. कुंपण घालणाऱ्याला तो लागतोच, पण नंतर निंदायला आलेल्या बाईला आणि गुरांमागे धावणाऱ्या पोरालाही लागतो.

काट्याची रचनाही पाहण्यासारखी आहे. बाभळीचे पांढरे, सरळ काटे जोडीने येतात. कोवळ्या झाडावर ते बोटभर लांब असतात आणि जाड चामड्याची वहाणही भेदतात. बोरीचे काटेही जोडीने येतात, पण त्यांतील एक बहुधा सरळ आणि दुसरा आकड्यासारखा वाकडा असतो. सरळ काटा आत शिरतो आणि वाकडा काटा माणसाला मागे खेचू देत नाही. निवडुंगाच्या मोठ्या काट्यांपेक्षा त्याची केसासारखी बारीक कुसळे अधिक त्रासदायक असतात. ती दिसत नाहीत आणि उलट्या दातांमुळे निघतही नाहीत. काट्याच्या जखमेचे मुख्य लक्षण असे, की तिचे तोंड अत्यंत लहान आणि खोली मोठी असते. रक्त फारसे येत नाही. त्वचा चटकन मिटते. काट्याबरोबर आत गेलेली माती, शेण आणि बुरशी मात्र तेथेच राहते. विळ्याची जखम भळभळा वाहते, ती पाहून माणूस घाबरतो व काही तरी करतो. काटा माणसाला घाबरवत नाही, आणि त्याचा सारा धोका तेथेच आहे.

घरगुती उपचारांची परंपरा मोठी आहे. सुईने काटा कोरून काढणे हा पहिला उपाय. काटा मोडून आत राहिला तर रुईचा चीक लावणे, गूळ-चुना लावणे, हळद-तेलाचे किंवा कणकेचे गरम पोटीस बांधणे, आणि शेवटी बिब्बा तापवून त्याचा चटका देणे. या उपायांकडे आज दोन टोकांच्या वृत्तींनी पाहिले जाते. एक वृत्ती सगळ्याला अंधश्रद्धा म्हणते; दुसरी सगळ्यात विज्ञान शोधते. दोन्ही टाळून प्रत्येक उपाय वेगळा पाहिला पाहिजे. गरम पोटिसाने त्वचा मऊ होते व पू एका जागी जमायला मदत होते. उथळ काटा त्याने वर येऊ शकतो. त्वचा उन्हातान्हात राबून निबर झालेली असते, हे ध्यानात घेतले तर या उपायामागील शहाणपण कळते. बिब्ब्याच्या तेलाने मात्र कातडी भाजते व फोड येतात, आणि काट्याच्या लहान जखमेच्या जागी मोठी उघडी जखम तयार होते. रुईचा चीकही त्वचेचा दाह करतो, आणि डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा करतो. सुई न तापवता वापरली तर ती स्वतःच दुसरा काटा ठरते. काटा पूर्ण निघाला नाही तर त्याभोवती शरीर कठीण आवरण तयार करते. दर पावलाला ते ठणकते. त्यालाच बोलीत 'कुरूप' म्हणतात. विद्रूप या अर्थाचा शब्द तळपायाच्या एका घट्ट्याला मिळावा, यात बोलीची निरीक्षणशक्ती दिसते.

लोकपरंपरेतून शास्त्राकडे वळले की पहिला मुक्काम सुश्रुतसंहितेचा. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी शस्त्रक्रियेच्या अंगाला 'शल्यतंत्र' म्हणतात. शल्य म्हणजे शरीरात शिरून पीडा देणारी वस्तू; बाणाचे टोक, काटा, कूस, हाडाचा तुकडा. ज्या शास्त्राला आपण आज शल्यचिकित्सा म्हणतो, त्याचे नावच रुतलेल्या वस्तूवरून पडले आहे. मराठीत पुढे 'शल्य' हा शब्द मनाकडे गेला आणि 'मनातले शल्य' हा कथा-कादंबऱ्यांतील नेहमीचा शब्दप्रयोग झाला; 'शल्यचिकित्सा' रुग्णालयात राहिली. एका शब्दाच्या या दोन वाटा जेथून फुटल्या, तेथे एक माणूस पाय धरून बसला आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसावा आणि सत्ताविसावा असे दोन अध्याय याच विषयाला वाहिलेले आहेत. पहिल्यात हरवलेले शल्य कसे ओळखावे याचे विवेचन आहे आणि दुसऱ्यात ते कसे काढावे याचे. हे ओळखण्याचे उपाय थक्क करणारे आहेत. शंका असलेल्या जागी थिजलेले तूप किंवा चंदनाचा लेप लावावा. जेथे तूप लवकर वितळेल किंवा लेप लवकर वाळेल, तेथे आत शल्य आहे असे समजावे. दाह झालेली जागा उष्ण असते, या निरीक्षणावर हा उपाय उभा आहे. शिरांत वा स्नायूंत दडलेले शल्य सापडत नसेल तर रुग्णाला मोडक्या चाकाच्या गाडीत बसवून खडबडीत रस्त्याने वेगाने न्यावे. धक्क्यांनी जेथे वेदना होईल तेथे शल्य असते. लाकूड, बांबू आणि गवत यांची शल्ये काढली नाहीत तर ती रक्तमांस लवकर पिकवतात, असाही इशारा तेथे आहे. धातूचा तुकडा शरीर पुष्कळदा मुकाट्याने सांभाळते, वनस्पतीचा तुकडा मात्र सहन करत नाही, हा आजच्या शल्यचिकित्सकाचाही अनुभव आहे. शल्य काढण्याचे पंधरा उपाय सांगितले आहेत; त्यांत पिकू देणे, चिरणे, दाबणे, धुणे, चोखणे आणि लोहचुंबक लावणे यांचा समावेश होतो. यंत्रांची संख्या १०१ आणि शस्त्रांची २० अशी दिली आहे, आणि यंत्रांमध्ये 'कंकमुख', म्हणजे कंक पक्ष्याच्या चोचीसारखा चिमटा, श्रेष्ठ मानला आहे, कारण तो खोल शिरतो, घट्ट धरतो आणि सहज बाहेर येतो.

या ग्रंथाचा गौरव करण्याची संधी साधून पुढे जाणे सोपे आहे. पण प्रश्न असा, की हे ज्ञान बांधावरच्या माणसापर्यंत किती पोचले? ग्रंथातील चिमट्याला पक्ष्याची चोच होती. शेतातील माणसाच्या हाती सुई, दुसरा काटा आणि बिब्बा होता. 'काट्याने काटा काढणे' या वाक्प्रचारात आज आपल्याला मुत्सद्दीपणा दिसतो. ज्याच्याजवळ सुईदेखील नव्हती, त्याचा तो नाइलाज होता. शास्त्र आणि लोकव्यवहार यांतील हे अंतर पुढच्या काळातही मिटले नाही.

एकोणिसाव्या शतकात भारतात काट्यांचे एक प्रचंड कुंपण उभे राहिले. मिठावरील कर चुकवून होणारी ने-आण थांबवण्यासाठी ब्रिटिशांनी अंतर्गत जकातीची एक रेषा आखली होती. १८६७ पासून काही वर्षे या खात्याचे आयुक्त ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम होते. १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच हे ह्यूम. त्यांच्या काळात या रेषेवर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग आणि शेरासारखी काटेरी वा चिकाळ झाडे लावून जिवंत कुंपण वाढवण्याचे काम जोमाने झाले. ते पंजाबातील लेय्यापासून खानदेशाच्या सीमेवरील बऱ्हाणपूरपर्यंत पसरले. चांगल्या स्थितीतील भागात त्याची उंची १० ते १४ फूट आणि रुंदी ६ ते १२ फूट होती. जेथे झाडे जगत नव्हती तेथे वाळलेल्या काट्यांचे कुंपण रचले जाई, आणि अशा एका मैलाला सुमारे २५० टन काटे लागतात, असा ह्यूम यांचा अंदाज होता. ते काटे पाव मैल ते सहा मैल अंतरावरून आणावे लागत. १८७९ मध्ये ही रेषा रद्द झाली आणि कुंपण इतके विस्मरणात गेले, की १९९० च्या दशकात रॉय मॉक्सहॅम या इंग्रज लेखकाला त्याचे अवशेष शोधत फिरावे लागले. त्यांचे या शोधावरील पुस्तक २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

या कुंपणाचा इतिहास मिठाच्या कराचा आणि साम्राज्याच्या लोभाचा इतिहास म्हणून वाचला जातो, आणि तो तसाच वाचला पाहिजे. पण एका आकड्यापाशी थांबावे. मैलाला २५० टन काटे. हे काटे कोणी तरी तोडले, कोणी तरी डोक्यावरून वा गाडीतून वाहिले, कोणी तरी रचले, आणि दर वर्षी वाळवी, वणवा आणि वादळ यांनंतर पुन्हा रचले. ह्यूम यांच्या हिशेबात मैल, टन आणि अंतरे आहेत. त्या टनांखालच्या हातांना किती काटे मोडले, किती पिकले, किती जण धनुर्वाताने गेले, हे त्या आकड्यांत मावत नाही. प्रशासनाची भाषा काट्याचे वजन करते, आणि काटा कोणाला लागला हे सांगण्याची जबाबदारी म्हणीवर टाकून देते.

त्याच काळात मुंबई इलाख्यात एका डॉक्टराने मात्र काटा लागलेल्या पायांकडे बारकाईने पाहिले. हेन्री व्हँडाइक कार्टर हे त्यांचे नाव. शरीरशास्त्राच्या जगप्रसिद्ध 'ग्रेज ॲनाटॉमी' या १८५८ च्या ग्रंथातील चित्रे त्यांनी काढली. ग्रंथ मात्र ग्रे यांच्या एकट्याच्या नावाने ओळखला जातो. त्याच वर्षी कार्टर हिंदुस्थानात आले, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले आणि जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात काम करू लागले. १८६३ ते १८७२ या काळात ते साताऱ्याचे सिव्हिल सर्जन होते. पुढे ते ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्य झाले.

कार्टर यांचे लक्ष वेधणारा रोग पायाचा होता. पाय हळूहळू सुजतो, त्यावर गाठी येतात, गाठींना छिद्रे पडतात आणि त्यांतून पुवाबरोबर खसखशीएवढे काळे, पांढरट किंवा लालसर रवे बाहेर पडतात. गंमत नव्हे, दुर्दैव असे की यात कित्येक महिने वेदना फारशी नसते. माणूस काम करत राहतो, आणि रोग हाडापर्यंत पोचतो. मद्रास इलाख्यातील मदुरा येथे १८४२ मध्ये गिल या डॉक्टराने या रोगाची नोंद केली होती, म्हणून त्याला 'मॅड्युरा फूट' असे नाव पडले. कार्टर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ते रवे पाहून रोगाचे कारण बुरशी असल्याचे प्रतिपादन केले, त्याला 'मायसेटोमा' म्हणजे बुरशीची गाठ असे नाव दिले आणि १८७४ मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी काळ्या आणि फिकट रव्यांचे प्रकार वेगळे मानले. ते वर्गीकरण दूरदर्शी ठरले: १८९४ मध्ये व्हिन्सेंट यांनी अल्जीरियातील एका रुग्णात दाखवले, की फिकट रव्यांच्या काही रुग्णांत रोगकारक बुरशी नसून धाग्यांसारखे वाढणारे जीवाणू असतात. आज या दोन प्रकारांचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत. जीवाणूंच्या प्रकारात प्रतिजैविके चांगली लागू पडतात. बुरशीच्या प्रकारात महिनोन्‌महिने औषध, बहुधा शस्त्रक्रिया आणि कधी पाय गमावणे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'वल्मीक' नावाची एक व्याधी आहे. तळहात, तळपाय, सांधे आणि मान येथे वारुळासारखी वाढणारी, अनेक तोंडांनी स्रवणारी गाठ, असे तिचे वर्णन आहे. आजचा मायसेटोमा तोच, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. परंतु वारूळ ही प्रतिमा त्या पायाला जितकी चपखल बसते तितकी दुसरी बसणार नाही.

या रोगाचे मूळ कोठे? मातीत आणि काट्यांवर असलेले सूक्ष्मजीव काट्याच्या बारीक जखमेतून त्वचेखाली रोवले जातात. रुग्णांमध्ये शेतकरी, मजूर, गुराखी अधिक असतात आणि पाय हे त्याचे मुख्य स्थान असते. म्हणजे 'काट्याचा नायटा' ही म्हण ज्या प्रक्रियेचे वर्णन करते, तीच सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध झाली. नायटा म्हणजे आजच्या परिभाषेत गजकर्ण. ते संसर्गाने पसरते, काट्यामुळे होत नाही. त्या अर्थी म्हण वैद्यकदृष्ट्या अचूक नाही. पण लोकभाषेत रोगांची नावे वर्गीकरणासाठी नसतात. पसरत जाणारा, खपली धरणारा, न हटणारा त्वचारोग एवढाच बोध तेथे पुरेसा असतो. योगायोग असा, की गजकर्णाचे कारण बुरशी आहे आणि काट्याने होणाऱ्या अनेक चिवट त्वचारोगांचे कारणही बुरशीच आहे. १८९८ मध्ये बाल्टिमोर येथे शेंक यांनी वर्णिलेला स्पोरोट्रायकोसिस त्यांतलाच. त्यात काटा लागलेल्या बोटापासून हातावर वर वर, एका रेषेत गाठी उठत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला तो २०१६ मध्ये. कार्टर यांच्या ग्रंथानंतर १४२ वर्षांनी! 'दुर्लक्षित' हे विशेषण रोगाला लावलेले आहे. ते रुग्णांनाही लागू पडते.

मायसेटोमा हळू चालतो. धनुर्वात थांबत नाही. त्याचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात, आणि प्राणवायू नसलेल्या जागी ते जोम धरतात. खोल, अरुंद, वरून मिटलेली काट्याची जखम त्यांना हवी तशी जागा देते. बहुधा ३ ते २१ दिवसांत जबडा आखडतो आणि अंग धनुष्यासारखे वाकते. तोवर जखम पुष्कळदा भरून आलेली असते. मरणाचे कारण शोधताना घरच्यांना काटा आठवतच नाही. मग बाहेरची बाधा, करणी, वारे अशी स्पष्टीकरणे पुढे येतात. यात अडाणीपणा शोधण्यापेक्षा कारण आणि कार्य यांमधील काळाचे अंतर पाहावे. १८८४ मध्ये इटलीत कार्ले व रातोने यांनी हा रोग रुग्णाकडून प्राण्यात संक्रमित करून दाखवला. त्याच वर्षी जर्मनीत निकोलायर यांनी मातीचा नमुना टोचून प्राण्यांत धनुर्वात निर्माण केला. १८८९ मध्ये कितासातो यांनी जंतू वेगळा केला, आणि १८९० मध्ये बेरिंग व कितासातो यांनी प्रतिविष सिद्ध केले.

या इतिहासात मुंबईचे एक दुःखद पान आहे. प्लेगची लस वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत सिद्ध केली आणि १८९७ च्या जानेवारीत प्रथम स्वतःला टोचून घेतली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. त्यांतील एकाच बाटलीतून लस मिळालेले १९ जण धनुर्वात होऊन मरण पावले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला गेला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू लावून धरली, आणि १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. कारण काय दिसून आले? बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बुचाला लावला गेला होता. काटा काढणारा चिमटाच काट्याचे काम करून गेला. बांधावरची माती आणि प्रयोगशाळेची लस यांच्यातील अंतर एका निसटलेल्या चिमट्याएवढे होते, हे मुल्कोवालने दाखवून दिले. १९२५ मध्ये परळच्या त्या संस्थेला हाफकिन यांचे नाव देण्यात आले. त्या १९ जणांची नावे मात्र कोणत्याही संस्थेला नाहीत.

आता अखेरचा प्रसंग इंग्लंडमधला. पेनिसिलिनच्या इतिहासात ऑक्सफर्डच्या एका पोलीस शिपायाची कथा आवर्जून सांगितली जाते. अल्बर्ट अलेक्झांडर यांच्या चेहऱ्यावर गुलाबाचा काटा ओरखडला, जखम चिघळली, डोळा काढावा लागला, आणि १२ फेब्रुवारी १९४१ रोजी त्यांना फ्लोरी यांच्या गटाने तयार केलेले पेनिसिलिन टोचण्यात आले. काही दिवसांत प्रकृती विलक्षण सुधारली. औषध इतके थोडे होते, की रुग्णाच्या लघवीतून ते पुन्हा वेगळे करून वापरले गेले. तेही संपले, संसर्ग उलटला, आणि १५ मार्चला अलेक्झांडर यांचे निधन झाले. ही कथा असंख्य पुस्तकांत आली. पुढे त्यांच्या कुटुंबीयांकडून जी माहिती पुढे आली तिच्यानुसार जखम गुलाबाच्या काट्याची नव्हती. साउदम्प्टनवर झालेल्या जर्मन बॉम्बहल्ल्यात कामगिरीवर असताना ते जखमी झाले होते.

साहित्याच्या अभ्यासकांनी या दुरुस्तीकडे विशेष लक्ष द्यावे. बॉम्बपेक्षा गुलाबाचा काटा का टिकला? कारण त्या कथेला म्हणीचा आकार आहे. कारण अत्यंत लहान, परिणाम अत्यंत मोठा, आणि मध्ये विज्ञानाचा चमत्कार: 'काट्याचा नायटा' मराठीत म्हण आहे, पण त्या आकाराची ओढ सर्व भाषांत आहे. बॉम्बहल्ल्याने माणूस मरतो हे सांगायला कथा लागत नाही. गुलाबाने मरतो, हे सांगायला लागते. त्यामुळे वैद्यकाच्या इतिहासाने स्वतःसाठी एक सुंदर काटा निवडला. उलट ज्यांना खरोखर काटे लागत होते, त्या साताऱ्याच्या वा मदुरेच्या शेतकऱ्यांचे काटे सुंदर नव्हते आणि त्यांच्या कथेला चमत्काराचा शेवटही नव्हता. म्हणून ते ग्रंथांत चित्रांच्या रूपाने उरले, कथांच्या रूपाने उरले नाहीत. इतिहासात काय टिकते हे पुष्कळदा घटनेच्या सत्यतेपेक्षा तिच्या आकारावर ठरते, असे आपण वाङ्मयेतिहासात नेहमी म्हणतो. येथे त्याचा पुरावा रुग्णालयातून मिळतो.

मग आज काय स्थिती आहे? उपाय माहीत आहेत आणि महागही नाहीत. जखम साबण-पाण्याने भरपूर धुणे, दिसणारा काटा तापवून वा स्पिरिटने पुसून घेतलेल्या चिमट्याने तो शिरला त्याच दिशेने उलट ओढून काढणे, खोल गेलेला काटा कोरत न बसणे. सांध्याजवळ वा डोळ्यात काटा लागला, सूज व लाली वाढत गेली, ताप आला, किंवा काटा काढूनही गाठ आठवडेच्या आठवडे राहिली तर डॉक्टरांकडे जाणे. वनस्पतीचा काटा साध्या क्ष-किरण चित्रात बहुधा दिसत नाही. सोनोग्राफीत दिसू शकतो. सुश्रुताच्या तुपाचे आणि खडबडीत रस्त्याचे काम आता हे यंत्र करते. धनुर्वाताची लस १९२० च्या दशकात सिद्ध झाली. भारतात १९७८ पासून लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम आणि १९८५ पासून सार्वत्रिक कार्यक्रम आला. माता व नवजात बालकांतील धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे भारताबाबत २०१५ मध्ये मान्य झाले. ही मोठी कामगिरी आहे. टीटीची जागा आता घटसर्पाचेही संरक्षण देणाऱ्या टीडी या लसीने घेतली असून मुलांना ती दहाव्या आणि सोळाव्या वर्षी आणि स्त्रियांना गरोदरपणात दिली जाते. परंतु यानंतरची वर्षे? दर दहा वर्षांनी एक मात्रा घ्यावी, आणि मळलेल्या जखमेनंतर पाच वर्षे उलटून गेली असल्यास लगेच घ्यावी, असे वैद्यक सांगते. चाळिशी-पन्नाशीतला शेतमजूर मात्र जखम झाली तरच, आणि ती जखम त्याला जखम वाटली तरच, दवाखान्यात जातो. काट्याला तो जखम मानत नाही. इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळते. तेथे जाण्यासाठी बुडवावी लागणारी दिवसाची मजुरी त्याला कोणी देत नाही. हातमोजे आणि पाय झाकणारी पादत्राणे हा सर्वांत साधा प्रतिबंध, आणि तोच अजून सर्वांत दुर्मीळ आहे. ज्याच्या शेताला कुंपण घातले जाते त्याने ती द्यावीत, ही अपेक्षा वाजवी आहे. पण असा रिवाज आपल्याकडे रुजलेला नाही.

अशा वेळी म्हणीचा अर्थ सांगण्याच्या आपल्या पद्धतीकडे पुन्हा पाहावेसे वाटते. रूपकाचा अर्थ सांगणे म्हणजे मूळ वस्तू बाजूला सारणे, असा आपला समज झाला आहे. त्यामुळे 'शल्य' म्हटले की मन आठवते, पाय आठवत नाही. 'काट्याने काटा' म्हटले की राजकारण आठवते, सुई नसलेला माणूस आठवत नाही. आमच्या वर्गांत बसणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकांच्या घरी आजही कुंपणे घातली जातात, आणि त्यांच्यापैकी कित्येकांनी सुट्टीत हे काम स्वतः केलेले असते. त्यांना या म्हणीचा लाक्षणिक अर्थ शिकवावा लागतो. वाच्यार्थ ते आपल्यापेक्षा अधिक जाणतात. तो त्यांना विचारला, तर 'वाक्यात उपयोग करा' या प्रश्नाला एखादे वाक्य असेही येईल: बांधावर काटा लागला, दवाखान्यात जायला सवड नव्हती, आणि काट्याचा नायटा झाला. हे उत्तर पूर्ण गुणांचे मानायला हरकत नसावी.